गावच्या घराला कॅमेरा घेताना

मेगापिक्सेल नंतर बघ. आधी गावी जाऊन पडवीत मोबाईलला रेंज किती येते ते बघ. वाडीत फायबर आलं नसेल तर सिमवर चालणारा ४जी कॅमेरा लागेल, आणि त्याचं रिचार्ज संपलं की मुंबईत बसून तुला ओ की ठो कळणार नाही. वायफाय असेल तरी बरेच स्वस्त कॅमेरे २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात आणि चिऱ्याच्या जाड भिंतीतून सिग्नल जेमतेम बाहेर येतो. राऊटर खिडकीपाशी ठेव, त्याला छोटा यूपीएस लाव. पावसातल्या लाईटचं वेगळं सांगायला नको.

मेमरी कार्ड हवंच, ‘हाय एन्ड्युरन्स’वालं, म्हणजे सतत रेकॉर्डिंग सोसणारं.

आता खरी गोम. कॅमेऱ्यावर लिहिलेलं ‘आयपी ६६’ हे मानांकन म्हणजे धूळ आत जाणार नाही आणि पाण्याचा जोरदार मारा सोसेल, एवढंच. खाऱ्या हवेबद्दल त्यात अवाक्षर नाही. आमच्याकडे लेन्स शाबूत राहते, आधी गंजतात ते स्क्रू आणि केबलचा जोड. स्टेनलेसचे स्क्रू वापर, जोड बंद डबीत घाल आणि केबल डबीत खालून ने, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी आत शिरत नाही.

झावळी हलली तरी अलर्ट येतो, म्हणून माणूस ओळखणारं मॉडेल घे. रात्री कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्यांपुढे कोळी हटकून जाळं विणतो. शेजारच्या काकूंना झाडू मारायला सांगून ठेव, पण कॅमेऱ्याचं तोंड त्यांच्या खळ्याकडे नको!

व्हिडिओ डोअरबेल बॅटरीवाली बरी. आपली बेल २३० व्होल्टची असते, परदेशी वायरवाल्या बहुधा १६ ते २४ व्होल्टच्या. थेट जोडलीस तर जळेल.