हजार वेळा चालवून प्रोग्राम एकदाही चुकला नाही, म्हणजे रेस कंडिशन नाही असं समजायचं का?

नाही. लाख वेळा चालवलात तरी नाही. रेस कंडिशन म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या थ्रेड्सपैकी (प्रोग्रामच्या समांतर धाग्यांपैकी) कोण आधी पोचतो यावर निकाल ठरणं.

तुम्ही लिहिलंय की प्रोग्राम सी++चा आहे, आठ थ्रेड्स एकच काउंटर कमी करतात आणि त्याला 'सेफ्टीसाठी व्होलटाइल लावलंय'. ते व्होलटाइल वाचलं आणि राहवलं नाही, कारण त्या एका शब्दाने माझे तीन आठवडे खाल्लेत.

आमच्याकडे अशीच एक सर्व्हिस होती. वर्कर थ्रेड्स कामं उरकायचे आणि शिल्लक कामांचा काउंटर एकेकाने कमी करायचे. मेन थ्रेड तो शून्य व्हायची वाट बघायचा. चार-पाच दिवसांतून एकदा सगळं गपगार. क्रॅश नाही, एरर नाही, नुसतं अडकलेलं. मी वर्करमध्ये काउंटर कमी केल्यावर लगेच एक प्रिंटएफ (मजकूर छापणारी ओळ) टाकला, तर बग गायब! काढला की आठवड्याभरात परत हजर. आमचे सीनियर म्हणाले, "मग राहू दे ना तो प्रिंटएफ." आणि खरंच राहू दिला. वर 'खबरदारी म्हणून' एक छोटा स्लीपही (थ्रेडला थोडा वेळ थांबवणारी ओळ) घातला. सहा महिन्यांनी कोणीतरी फालतू लॉग काढताना ती ओळ उडवली, सर्व्हिस पुन्हा अडकायला लागली आणि खापर फुटलं त्या बिचाऱ्यावर.

तेव्हा मी थ्रेडसॅनिटायझर (अशा रेस शोधणारं टूल) लावून बिल्ड केला. क्लँग आणि जीसीसी या दोन्ही कंपायलरांत तो आहे, कंपायलरला एक फ्लॅग द्यायचा एवढंच. पहिल्याच रनमध्ये रिपोर्ट आला, तोही काउंटर शेवटी बरोबर शून्यावर आलेला असताना. तुमच्या हजार रनचं उत्तर इथेच आहे. हे टूल टक्कर व्हायची वाट बघत नाही. दोन थ्रेड्सनी एकाच जागेला हात लावला, त्यातला निदान एक लिहीत होता, आणि कोण आधी कोण नंतर हे ठरवणारं लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं) किंवा अ‍ॅटॉमिक (मध्येच तोडता न येणारी क्रिया) मध्ये नव्हतं, एवढं त्याला पुरतं. मागची कल्पना संगणकशास्त्रज्ञ लॅम्पोर्ट यांच्या १९७८च्या पेपरमधली, 'हॅपन्स-बिफोर'.

सीनियरांचं म्हणणं, "फॉल्स पॉझिटिव्ह (खोटा इशारा) आहे, व्होलटाइल आहे ना तिथे." अहो, व्होलटाइल कंपायलरला सांगतं की हे वाचन-लेखन गाळू नकोस. वाचा, एक वजा करा, परत लिहा या तीन पायऱ्या ते एकसंध करत नाही. दोन थ्रेड्सनी एकदम ७ वाचला तर दोघेही ६ लिहिणार, एक वजाबाकी हवेत. आणि सी++११ पासून अशी डेटा रेस म्हणजे थेट अनडिफाइन्ड बिहेवियर, म्हणजे काय होईल याची भाषा काहीच हमी देत नाही, तिथे 'आमच्या प्रोसेसरवर चालतं' हा युक्तिवादच संपतो. (जावातलं व्होलटाइल थ्रेड्ससाठीच आहे, पण वजाबाकी तिथेही एकसंध होत नाही.)

तर मी काउंटर अ‍ॅटॉमिक केला. थ्रेडसॅनिटायझर शांत, मी खूश. नवव्या दिवशी सर्व्हिस परत अडकली. सीनियरांचा चेहरा अजून आठवतो.

दुसरी रेस वेगळीच होती. मेन थ्रेड म्यूटेक्स (म्हणजे लॉक) घेऊन काउंटर तपासायचा, शून्य नसेल तर कंडिशन व्हेरिएबलवर (कोणी नोटिफाय करून उठवेपर्यंत थ्रेडला झोपवणारी सोय) झोपायचा. वर्कर मात्र म्यूटेक्स न घेताच काउंटर कमी करून नोटिफाय करायचा. तपासणं आणि झोपणं यांच्या मधल्या फटीत शेवटचा नोटिफाय आला की तो वाया, आणि मेन थ्रेड कायमचा झोपलेला. यात डेटा रेस नाहीच, म्हणून टूल गप्प. प्रिंटएफ का 'औषध' ठरत होता तेही कळलं. तो काउंटर आणि नोटिफायच्या मध्ये होता, त्यामुळे नोटिफायला उशीर व्हायचा आणि मेन थ्रेडला झोपायला सवड मिळायची.

हे पकडलं ते स्लीपनेच. तपासणं आणि झोपणं यांच्या मध्ये मुद्दाम १०० मिलिसेकंद थांबवलं, तर चार दिवसांतून एकदा अडकणारी सर्व्हिस जवळपास दर वेळी अडकू लागली. वर्करला काउंटर कमी करतानाही तोच म्यूटेक्स घ्यायला लावला, तो स्लीप तसाच ठेवून पुन्हा चालवली, तेव्हा नाही अडकली. स्लीप संशयित फटीत घालून ती रुंद करायची असते, बग झाकायला नाही. सीनियरांना हे मी मीटिंगमध्ये सांगितलं होतं, थोडं जास्तच जोरात.

राहिलेल्या गोष्टी: थ्रेडसॅनिटायझरने प्रोग्राम साधारण ५ ते १५ पट मंदावतो, मेमरीही ५ ते १० पट लागते, त्यामुळे प्रॉडक्शनवर नको. जो कोड चाललाच नाही त्यातलं त्याला काही दिसत नाही. लायब्ररी त्याच फ्लॅगने बिल्ड केलेल्या नसतील तर खोटे रिपोर्ट येऊ शकतात, म्हणजे फॉल्स पॉझिटिव्ह असतात, सीनियर तेवढ्यापुरते बरोबर. अ‍ॅड्रेससॅनिटायझरसोबत (मेमरीच्या चुका शोधणारं तसंच टूल) एकाच बिल्डमध्ये चालत नाही. पुन्हा कंपाइल करता येत नसेल तर व्हॅलग्राइंड या टूलसंचातलं हेलग्राइंड बघा, बरंच हळू आहे.

तुमचा पूर्ण कोड मी पाहिलेला नाही. पण ते व्होलटाइल आजच काढा, अ‍ॅटॉमिक करा, आणि त्या काउंटरवर कोण कुठे वाट बघतंय तो भाग इथे टाका.