थिअरीसाठी जर्मनीला जाऊ का, असं विचारणाऱ्या ऐरोलीच्या मुलाला

तू विचारलंस ते थोडक्यात असं: फिजिक्सची एम.एस्सी. संपतेय, क्वांटम ग्रॅव्हिटीवर, म्हणजे गुरुत्वाकर्षण आणि क्वांटम सिद्धांत यांची सांगड घालण्यावर, पीएचडी करायला जर्मनीतून बोलावणं आलंय, घरी आई ‘नंतर परत येशील ना?’ एवढंच विचारतेय. जाऊ का, एकटं वाटतं का, पुढे नोकरीचं काय. तीन आठवडे मी उत्तर टाळत होते. ताई म्हणालास म्हणून अरे-तुरेच करते. मी नौपाड्याची. सुट्टीला यायचे तेव्हा ठाण्याहून वाशीच्या गाडीत ऐरोली पहिलंच स्टेशन होतं, आता मध्ये दिघा गाव झालंय म्हणे.

व्हिसा, विमा, ब्लॉक्ड अकाउंट हे सगळं दूतावासाच्या पानावर आहे, ते मी लिहीत नाही. तिथे नसतं ते सांगते. थिअरीवाल्याचं, म्हणजे सैद्धांतिक फिजिक्सवाल्याचं, परदेशी जाणं एकदाच होत नाही. मी २००४ला कलिन्याहून एम.एस्सी. करून निघाले. पीएचडी जर्मनीत, मग तीन वर्षं इटलीत त्रिएस्त, मग तीन वर्षं नेदरलँड्समध्ये उट्रेख्त, मग तीन वर्षं म्युनिक. दर वेळी दोन वर्षं झाली की पुढचे अर्ज सुरू. शरद ऋतू आला की इकडची माणसं झाडांचे फोटो काढतात, आम्ही शिफारसपत्रांसाठी प्राध्यापकांच्या मागे लागतो. एका मोसमात मी ५२ अर्ज केले होते. आमच्या क्षेत्रात तेव्हा ७ जानेवारीचा संकेत होता, त्याआधी उत्तर द्यायची सक्ती कुठल्या गटाने करायची नाही. त्यामुळे माझ्या सगळ्या नाताळच्या सुट्ट्या मेल उघडण्यात गेल्या. शेजारच्या काकू अजूनही बाबांना विचारतात, ‘नासात आहे ना ती?’ बाबांनी नाही म्हणणं सोडून दिलंय.

जर्मनीत विद्यापीठातल्या कंत्राटी संशोधकांसाठी एक कायदा आहे, त्याचं नाव नीट उच्चारता आलं की पीएचडी मिळायला हरकत नाही. तात्पुरत्या करारावर पीएचडीआधी सहा वर्षं, नंतर सहा वर्षं, मूल असेल तर प्रत्येक मुलामागे दोन वाढीव. तेवढ्यात कायमची जागा मिळाली तर ठीक, नाहीतर बहुतेक तात्पुरत्या नोकऱ्या बंद. हेतू असा की माणसाला आयुष्यभर कंत्राटावर ठेवू नये. होतं असं की माणसालाच ठेवत नाहीत. माझ्यावर ती वेळ आलीच नाही, त्याआधी गटाकडचे पैसे संपले. २०१८पासून मी एका पुनर्विमा कंपनीत, म्हणजे विमा कंपन्यांचाच विमा उतरवणाऱ्या कंपनीत, पुराचे आणि वादळाचे धोके मोजते. पगार चांगला आहे. गणितही वाईट नाही.

आता कागद. पेपर माहेरच्या नावावर, पासपोर्ट सासरच्या. पदवीवर मधलं नाव बाबांचं, पासपोर्टवर नवऱ्याचं. एका कार्यालयातल्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवून विचारलं, या दोन बायका कोण? सुट्टीत ठाण्याला आले, कोर्ट नाक्यावर १०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर ‘त्या दोन्ही मीच’ असं प्रतिज्ञापत्र केलं, त्यावर अपोस्टिलचा, म्हणजे कागद परदेशात खरा मानावा म्हणून सरकार देतं तो, शिक्का आणला. परत गेल्यावर कळलं की भारत अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आला तेव्हाच जर्मनीने आक्षेप घेतलेला, शिक्का चालणार नाही. चौदा महिने गेले त्यात. शिवाय इथे मधलं नाव असा प्रकारच नाही, ते पहिल्या नावाला चिकटतं. दोन वर्षं विम्याची पत्रं मला वडिलांच्या नावाने यायची, मग लग्न झाल्यावर नवऱ्याच्या. तुला लग्नाचा त्रास नाही, पण पहिल्या पेपरवर नाव टाकताना विचार कर. पुढे तीस वर्षं तेच स्पेलिंग.

एकटेपणाचं विचारलंस. वाटतं. नोव्हेंबरात जास्त. कुकर घेऊन जा.

मला जे अजून खुपतं ते वेगळं आहे. मुलगी २०११ला त्रिएस्तमध्ये झाली. पाळणाघरात डच शिकली, चार वर्षांची होताना म्युनिकला आली तेव्हा जर्मनचा एक शब्द येत नव्हता. बव्हेरियात चौथीतच ठरतं की मूल गिम्नाझियमला जाणार, म्हणजे सरळ विद्यापीठाच्या वाटेला, की दुसऱ्या शाळेत. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास, तीन विषयांच्या श्रेणींची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली हवी. इथे १ सगळ्यात चांगला. तिला जर्मनमध्ये ३, गणितात २, परिसर अभ्यासात ३. म्हणजे २.६६. एका विषयात एक श्रेणी कमी पडली.

ते २०२१ साल होतं. शाळा अर्धा वेळ बंद, अभ्यास घरी, आणि घरी जर्मन कुणाला? पीएचडीची चार वर्षं या देशात काढून माझं जर्मन बेकरीपुरतं होतं, कारण विभागात सगळे इंग्रजी बोलायचे आणि मला त्याचा केवढा अभिमान! शिक्षिका वाईट नव्हत्या. त्यांनी शांतपणे सांगितलं की तिची वाक्यं अपुरी राहतात. राहणारच. माझ्या प्रत्येक करारागणिक तिची एक भाषा अर्धी सुटली होती. तरीही गिम्नाझियमला जायचं तर चाचणीवर्गाला बसायची सोय होती, ती नको म्हणाली. मी दहा वर्षांच्या मुलीशी दोन दिवस बोलले नाही, हे इथे पहिल्यांदा लिहितेय. ती रेआलशूलला, म्हणजे दहावीपर्यंतच्या त्या दुसऱ्या शाळेत गेली, मजेत आहे. दहावीनंतर पुढच्या वाटा आहेत, मला त्या सगळ्या पाठ आहेत. मराठी समजते तिला, उत्तर जर्मनमध्ये येतं.

परत येण्याबद्दल. आमच्या घरात नारळीकरांचं उदाहरण देवघरात असल्यासारखं होतं. १९५७ला केंब्रिज, १९७२ला परत मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत, १९८८ला पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था. २० मे २०२५ला ते गेले तेव्हा बाबांनी फोनवर पुन्हा तेच म्हटलं, ‘बघ, ते आले परत.’ मी तुझ्याच विषयातले अभय अष्टेकर पुढे केले. शिरपूरला जन्म, १९७४ला शिकागोची पीएचडी, १९८६ला त्यांनी मांडलेल्या नव्या चलांवर लूप क्वांटम ग्रॅव्हिटी हा सिद्धांत उभा राहिला, आणि ते अमेरिकेतच राहिले. बाबा म्हणाले, तू दोघांपैकी कुणीच नाहीस. टोमणा नव्हता, पण लागला.

कारण मलाही बोलावणं आलं होतं. २०१४ला, भारतातल्या एका संस्थेतून, कायमची जागा. रुजू व्हायला मी सहा महिने मागितले, त्यांनी दिले. आणखी सहा मागितले, तेही दिले. तिसरं पत्र मी लिहिलंच नाही. लोकांना सांगते की म्युनिकचा प्रकल्प आला, मुलगी लहान होती. खरं म्हणजे भीती वाटली. तिथे माझ्या विषयावर बोलायला एकही माणूस नसता, आणि एकटीच्या डोक्यातून काही निघतं का हे उघडं पडलं असतं. इथे पाच जणांच्या पेपरात ते झाकलं जायचं. पुढे २०१७ला मीच त्यांना विचारलं, तोवर जागा भरली होती. त्यात त्यांची काहीच चूक नाही.

तेव्हा जा किंवा नको जाऊ, हे मला विचारू नकोस. विद्यापीठाचं नाव बाजूला ठेव आणि तुझ्या होऊ घातलेल्या गाइडच्या मागच्या दहा वर्षांतल्या विद्यार्थ्यांची यादी काढ. एकेकाचं नाव शोध, आज ते कुठे आहेत बघ. दोघांना तरी मेल कर, लोक उत्तर देतात, कारण त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. जर्मन आत्तापासून शीक, ठाण्यातच. आईला ‘तीन वर्षांत येतो’ म्हणू नकोस.

अर्काइव्हवर, म्हणजे आम्ही छापण्याआधी पेपर टाकतो त्या वेबसाइटवर, नव्या पेपरांची यादी उन्हाळ्यात तुमच्याकडे पहाटे साडेपाचला पडते. नौपाड्यात तेव्हा बाबा दूध घ्यायला दार उघडतात. इथे रात्रीचे दोन वाजलेले असतात. सात वर्षं झाली मला त्या यादीशी काही कर्तव्य नाही, तरी मी ती वाचते. विद्यार्थ्यांची नावं काढलीस की पाठव, त्यातल्या एकदोघांना मी ओळखत असेन. वेळेची काळजी करू नकोस, दोनला मी जागीच असते.