समुद्राजवळ घर घेण्याआधी
मालवण-वेंगुर्ल्याकडे कायमचं राहायला जायचंय? मग आधी मे महिन्यात जाऊन विहिरीचं पाणी चाखा. किनाऱ्यालगत उपसा जास्त झाला की ते मचूळ होतं. जुलैत पुन्हा जा, भिंतींची ओल आणि विजेचा लपंडाव तेव्हाच कळतो.

खरा खर्च खारा वारा करवतो. ग्रिल गंजतं, एसीचं बाहेरचं युनिट लवकर जातं. क्षार सळईपर्यंत पोचले की ती गंजून फुगते आणि स्लॅबचे पोपडे निघतात. म्हणून चिऱ्याचं कौलारू घर बघा. भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत सीआरझेड (बांधकामावर बंधनं असलेलं किनारा नियमन क्षेत्र) लागतो, तेव्हा बांधकामाची परवानगी कागदावर तपासा.

घरात हृदयरोगी असेल तर मोठ्या हॉस्पिटलचं अंतर सगळ्यात आधी मोजा. ताजी मासळी हे मोठं सुख, पण जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते; सुका बांगडा, सोडे मेमध्येच भरून ठेवा.