दही शाकाहारीच, पण बॅक्टेरिया वनस्पती नाहीत

प्रश्न: मुलगा आठवीत आहे, त्याच्या पुस्तकात पंचसृष्टी, म्हणजे सजीवांचे पाच मोठे गट आहेत आणि बॅक्टेरिया मोनेरात आहेत. त्याचे आजोबा म्हणतात, आमच्या वेळी बॅक्टेरिया बॉटनीत शिकवायचे, म्हणजे वनस्पती. भाची मायक्रोबायोलॉजी करतेय, ती म्हणते मोनेरा केव्हाच मोडीत निघालं, आता डोमेन असतात. रविवारी जेवताना यावरून जुंपली आणि शेवटी सासूबाईंनी विचारलं, मग दही कशात मोडतं ते तरी सांगा. खरं कोणाचं?
– एक पालक, चिंचवड

उत्तर: आधी सासूबाईंना सांगून टाकतो, बिनधास्त खा. दही लावणारे बॅक्टेरिया प्राणी नाहीत, वनस्पतीही नाहीत, ते बॅक्टेरियाच आहेत. बाकी तिघांचं म्हणाल तर आजोबा खोटं बोलत नाहीयेत. जुन्या लोकांसमोर दोनच खाने होते, प्राणी नाहीतर वनस्पती. सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनिअसने तर सूक्ष्मजीवांना कृमींमध्ये ढकलून एका गटाला चक्क 'केऑस' म्हणजे सावळागोंधळ असं नाव दिलं होतं, प्रामाणिक माणूस. पुढे बॅक्टेरियांनाही वनस्पतींसारखी पेशीभित्तिका, म्हणजे पेशीभोवतीची भिंत असते हे बघून लोकांनी त्यांना वनस्पतींकडे सरकवलं. १८५७ मध्ये नेगेली या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यांचं नाव ठेवलं शायझोमायसीट्स, म्हणजे दुभंगून वाढणारी बुरशी, आणि तेव्हा बुरशीही वनस्पतीतच होती ना. डॉक्टर अजूनही आतड्यातल्या बॅक्टेरियांना 'गट फ्लोरा' म्हणतात (इंग्रजी गट म्हणजे आतडं, फ्लोरा म्हणजे वनस्पती), तो फ्लोरा त्याच काळातला, पोटात काही झाडं लावलेली नाहीत.

मोनेरा हा शब्द हेकेल या जीवशास्त्रज्ञाचा, १८६६ चा, आणि मुलाच्या पुस्तकातली पाच सृष्टींची मांडणी व्हिटेकर या दुसऱ्या शास्त्रज्ञाची, १९६९ ची. तिथे मुद्दा केंद्रकाचा आहे. आपल्या पेशीत डीएनए वेगळ्या खोलीत बंद असतो, बॅक्टेरियाचं मात्र एका खोलीचं बिऱ्हाड, डीएनए तिथेच, प्रथिनं बनवणारे रायबोसोम तिथेच, सगळं एकत्र. म्हणून ज्यांना केंद्रक नाही ते सगळे मोनेरा. ऐकायला छान वाटतं, पण एखादी गोष्ट नाही एवढ्यावरून नातं ठरवायचं म्हणजे ज्यांना चष्मा नाही ते सगळे सख्खे भाऊ म्हटल्यासारखं झालं.

आणि तिथेच घोळ निघाला. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात कार्ल वोज आणि जॉर्ज फॉक्स हे रायबोसोममधल्या आरएनएचे तुकडे जुळवून बघत होते, कारण रायबोसोम प्रत्येक सजीवात असतो आणि त्याचा आरएनए फार सावकाश बदलतो, त्यामुळे कोण कोणापासून किती लांब गेलं ते त्यावरून मोजता येतं. त्यात मिथेन बनवणारे जीव, म्हणजे आपल्या गोबरगॅसच्या टाकीत असतात त्या जातीचे, काही केल्या बॅक्टेरियांशी जुळेनात. सूक्ष्मदर्शकाखाली अगदी बॅक्टेरियासारखेच, आतून भलतेच. १९७७ मध्ये त्यांनी जाहीर केलं की हा वेगळाच गट आहे, आणि १९९० मध्ये वोजने कांडलर आणि व्हीलिस या सहकाऱ्यांसोबत बॅक्टेरिया, आर्किया (म्हणजे हाच वेगळा गट) आणि युकॅरिया (म्हणजे केंद्रक असलेले आपण सगळे) अशी तीन डोमेनं मांडली. डोमेन सृष्टीच्याही वरची पायरी, भाची म्हणते ते हेच. गंमत म्हणजे डीएनए वाचायची आर्कियांची यंत्रणा बॅक्टेरियापेक्षा आपल्याशी जास्त मिळतीजुळती आहे, म्हणजे एका खोलीतले दोन भाडेकरू आणि त्यातला एक आपल्याच भावकीतला निघाला.

आर्किया बघायला लांब जायला नको. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर काय काय फिरलं आठवतंय ना, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि निघाले हॅलोआर्किया, म्हणजे खारट पाण्यात राहणारे रंगीत आर्किया. यांच्या गटाचं जुनं नाव हॅलोबॅक्टेरिया, आणि ते आजही चालू आहे. बॅक्टेरिया नसलेल्याच्या नावात बॅक्टेरिया, आता काय बोलणार.

भाचीला एक सांगा, सृष्टी अगदीच संपलेली नाही. २०२४ मध्ये बॅक्टेरियांच्या डोमेनखाली सृष्टी या पायरीला अधिकृत नावं मिळाली, दह्यातले लॅक्टोबॅसिलस बॅसिलॅटीत गेले आणि आपल्या आतड्यात राहणारे ई. कोलाय स्यूडोमोनॅडॅटीत. म्हणजे एका मोनेराच्या जागी आता बऱ्याच सृष्ट्या. मुलाने मात्र पेपरात मोनेराच लिहायचं, बॅसिलॅटी लिहून मार्क घालवले तर मला पत्र पाठवू नका.

प्रश्न: नेहमीच्या प्रोबायोटिकच्या बाटलीवर आधी लॅक्टोबॅसिलस केसी लिहिलेलं असायचं, आता लॅक्टिकेसीबॅसिलस केसी असं लिहून आलंय. डुप्लिकेट माल तर नाही ना?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: एवढ्यावरून नाही म्हणता येणार. लॅक्टोबॅसिलस नावाखाली इतक्या जाती कोंबल्या होत्या की २०२० मध्ये त्या प्रजातीचे २५ तुकडे केले, त्यात केसीच्या वाट्याला हे जीभ अडखळणारं नाव आलं. दह्यातला बल्गेरिकस मात्र वाचला, तो अजून लॅक्टोबॅसिलसच. जीव तोच आहे, फक्त पाटी बदललीय. तुम्ही बाटलीवरची एक्सपायरी बघा.