बाळाच्या दंडावरची जन्मापासूनची निळसर गाठ आपोआप जाईल का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी 8 महिन्यांची आहे, दंडावर जन्मल्या दिवसापासून निळसर मऊ फुगवटा आहे, रडली की तो वाढतो, दाबला की बसतो. निपाणीच्या डॉक्टरांनी ‘हेमँजिओमा आहे, जाईल’ म्हणून सांगितलं आणि सासूबाई म्हणतात, तुम्ही ग्रहणात भाजी चिरली म्हणून असं झालं.

मी डॉक्टर नाही. खानापूर तालुक्यातला शेतकरी आहे आणि माझ्या डाव्या पोटरीत जन्मापासून असाच फुगवटा आहे. मलाही लहानपणी ‘हेमँजिओमा’ हेच नाव मिळालं होतं. ते जाईल म्हणून घरच्यांनी बारा वर्षं वाट पाहिली. गेलं नाही, कारण नावच चुकलं होतं.

1982 साली बोस्टनच्या मुलिकन आणि ग्लोवॅकी या संशोधकांनी हेमँजिओमा आणि रक्तवाहिन्यांची जन्मतः चुकलेली घडण या दोन गोष्टी स्पष्ट वेगळ्या करून दाखवल्या. हेमँजिओमा ही रक्तवाहिन्यांच्या पेशींची गाठ. बहुतेक बाळांत ती जन्मताना नसते, किंवा नुसता फिकट डाग असतो. काही आठवड्यांत ती लालभडक होऊन झपाट्याने वाढते, पहिल्या पाचेक महिन्यांत बरीचशी वाढ संपते आणि मग काही वर्षांत ती हळूहळू ओसरते. तिच्यावर प्रोप्रॅनोलॉल हे हृदयाचं औषध चालतं, हे 2008 मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांच्या योगायोगानेच लक्षात आलं. दुसऱ्या प्रकारात ती पेशींची गाठ नसते, रक्तवाहिन्यांची घडणच मुळात चुकलेली असते. याला व्हॅस्क्युलर मालफॉर्मेशन म्हणतात. ते जन्मापासून असतं, मुलाबरोबर वाढतं, ओसरत नाही, आणि प्रोप्रॅनोलॉलने बरं होत नाही.

तुमच्या वर्णनावरून मला शिरांचं मालफॉर्मेशन वाटतं. पण खोलवरचा हेमँजिओमाही निळा दिसतो आणि क्वचित काही हेमँजिओमा जन्मताच पूर्ण वाढलेले असतात. म्हणून माझ्या वाटण्यावर थांबू नका, डॉपलर सोनोग्राफी करून घ्या. त्यात रक्त संथ वाहतंय की जोरात, हे कळतं. शिरांचं किंवा लसिकावाहिन्यांचं (पेशींभोवतीचं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांचं) असेल तर संथ. धमनी थेट शिरेला जोडली गेली असेल तर जोरात, आणि मग ती जागा गरम लागते, बोटाखाली ठोके किंवा थरथर जाणवते. तसं असेल तर महिनाभरही थांबू नका. खोली किती आहे, स्नायूत शिरलंय का, हे पुढे एमआरआय दाखवतं.

शिरांच्या प्रकारात नेमकं काय होतं, ते मला माझ्या भातशेतीवरून समजलं. बांधाची माती एका जागी कमी पडली की तिथे बांध फुगतो, पाणी साचतं, पुढे सरकत नाही. शिरेच्या भिंतीतला स्नायूचा थर असाच अपुरा असतो. तिथे रक्त तुंबतं, त्याच्या बारीक गुठळ्या होतात, काही कठीण होऊन मण्यासारख्या हाताला लागतात. लावणीत दिवसभर चिखलात उभा राहिलो की संध्याकाळी माझा पाय शिशासारखा जड होतो आणि असा एखादा मणी दुखतो. दाबाचा मोजा घातला, पाय उशीवर घेतला की उतरतं.

पोटरीत सुईने औषध घालून शिरा आतून बंद करायचा उपचार, स्क्लेरोथेरपी, माझ्यावर तीन वेळा झाला. फुगवटा निम्म्याहून कमी झाला. पूर्ण गेला नाही, जाईल असं कुणी सांगितलंही नव्हतं. तुमच्या मुलीला दुखत नसेल तर कदाचित सध्या नुसतं लक्ष ठेवायला सांगतील. बेळगाव, मिरज, कोल्हापूर किंवा गोव्यातलं बांबोळी, जिथे जाल तिथे लहान मुलांच्या सर्जनबरोबर हे उपचार करणारा इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट आहे का, ते आधी विचारा. रडताना फुगलेल्या दंडाचा फोटो काढून ठेवा, तपासणीच्या वेळी बाळ नेमकं शांत झोपलेलं असतं.

आणि त्यावर बिब्बा घालू देऊ नका, डागू देऊ नका. माझ्या पायावर बिब्बा घातला होता. जखम चिघळली, रक्त थांबेना. तो वण आजही आहे.

आता ग्रहणाचं. गर्भ राहिल्यानंतर, बाळ पोटात घडत असताना, एखाद्याच पेशीतल्या जनुकात बदल होतो. शिरांच्या प्रकारात तो बऱ्याचदा टीईके नावाच्या जनुकात सापडतो. त्या पेशीपासून बनलेल्या शिरा तेवढ्या बिघडतात, बाकी शरीर ठीक. बहुतेक वेळा तो आईकडून येत नाही, बापाकडूनही नाही. विळीचा, भाजीचा, ग्रहणाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

माझ्या आईने हा दोष चाळीस वर्षं अंगावर वागवला. ‘दे दान सुटे गिराण’ची हाक आली की ती दाराबाहेर धान्य टाकायची आणि माझ्या पायाकडे बघायची. शेवटी एमआरआयचा रिपोर्ट समजावताना तिने कन्नड डॉक्टरांना मोडक्या कन्नडात विचारलं, माझ्यामुळे झालं का? ते म्हणाले, ‘निम्म तप्पल्ल, अम्मा.’ तुमची चूक नाही. तिने पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा सांगितलं. परतीच्या बसमध्ये ती खानापूर येईपर्यंत रडत होती.

सोनोग्राफीच्या दिवशी सासूबाईंना सोबत न्या आणि हा प्रश्न त्यांच्यासमोर डॉक्टरांना विचारा.