रोजच्या जेवणाची ताटं साधारण किती वर्षं टिकतात?

तुम्ही लिहिलंय की लग्नात मिळालेला पांढऱ्या काचेचा डिनर सेट तीन वर्षांत निम्मा संपला, सासूबाईंची स्टीलची ताटं मात्र अजून जशीच्या तशी आहेत, मग रोजची ताटं किती वर्षं टिकायला पाहिजेत आणि आता नवीन काय घ्यावं. मी कोल्हापूरचा, महाद्वार रोडच्या बाजूला आमचं भांड्यांचं दुकान आहे, नवी ताटं विकतो आणि लोकांची जुनी मोडीत पण घेतो, त्यामुळं ताट घरात जाताना पण बघतो आणि घरातनं बाहेर पडताना पण.

सरळ उत्तर द्यायचं तर चांगल्या जाडीचं स्टीलचं ताट रोज वापरून तीस-चाळीस वर्षं सहज जातं. हा माझा अंदाज नाही, ताटावरच लिहिलेलं असतं. आपल्याकडं भांड्यावर नाव घालायची पद्धत आहे ना, अमक्याकडून तमक्यास सप्रेम भेट आणि शेजारी तारीख, त्यामुळं मोडीत आलेलं ताट हातात घेतलं की त्याचं वय कळतं. सत्तर-ऐंशीच्या सालातली नावं असलेली ताटं आमच्याकडं कायम येतात, त्यावरची अक्षरं छन्नीनं एकेक ठिपका ठोकून काढलेली, आताच्या मशीनसारखी सलग रेघ नसते. आणि महत्त्वाचं म्हणजे यातली बहुतेक ताटं खराब झाली म्हणून आलेलीच नसतात. घर लहान झालं, वाटण्या झाल्या, चरे पडून जुनी दिसायला लागली, नवा सेट घ्यायचाय, अशा कारणांनी येतात. तळाला भोक पडलं म्हणून मोडीत आलेलं जाड ताट अगदी क्वचित. तशी स्टेनलेस स्टीलची सुरुवातच १९१३ सालची, इंग्लंडातल्या शेफिल्डची, आणि आपल्या घराघरात ते आलं त्याच्या लई नंतर, त्यामुळं रोज जेवून जेवून ताट शेवटी किती वर्षांनी संपतं हे बघायला मिळालेली माणसं आपल्याकडं अजून नसावीतच.

चऱ्यांना लोक उगाच घाबरतात. स्टीलमध्ये क्रोमियम असतं, ते हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून वर एक अतिशय पातळ थर धरतं, डोळ्याला दिसत नाही, आणि तोच थर गंज येऊ देत नाही. घासणीनं चरा पडला की तिथला थर जातो पण दुधावरची साय बाजूला केल्यावर परत धरते तसा तो लगेच परत धरतो. म्हणून चरे पडलेलं स्टीलचं ताट खायला एकदम चांगलं असतं, फक्त चमक कमी. नाव घातलं तिथनं गंजेल का असं पण गिऱ्हाईक विचारतात, नाही गंजत, कारण हेच.

स्टीलचा खरा वैरी मीठ. लोणचं, खर्डा, मिठाचा खडा ताटात तसाच ठेवून रात्रभर सिंकमध्ये ताट पडलं आणि असं रोज व्हायला लागलं की मिठातलं क्लोराइड त्या थराला एकाच जागी खाऊन टाकतं आणि टाचणीच्या टोकाएवढे बारीक खड्डे पडतात, ते मात्र परत भरत नाहीत. ब्लीचिंगचं पाणी आणि बाथरूम साफ करायचं अ‍ॅसिड पण तेच करतं, डाग जावेत म्हणून ताटावर ते ओतणारी माणसं बघितली की मला खरंच वाईट वाटतं. बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके म्हणजे नुसते क्षार, लिंबाची फोड फिरवून लगेच धुऊन पुसलं की गेले. जेवण झालं की लगेच घासायला जमलं नाही तर निदान पाण्यानं खंगाळून ठेवा, एवढ्यावर ताटाची कितीतरी वर्षं वाढतात.

आता जाडी. दुकानात गेज म्हणतात आणि आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, २२ गेज म्हणजे साधारण ०.७ मिलिमीटर, २४ गेज म्हणजे ०.५५ च्या आसपास. ऐकायला फरक छोटा वाटतो पण २४ किंवा त्याहून पातळ ताट हातातनं पडलं की पोचा येतो, तळ फुगतो, मग ताट जमिनीवर सपाट बसत नाही, भात कालवताना गरागरा फिरतं आणि माणूस कंटाळून ते मागं टाकतो. पातळ ताट मरतं ते असं, गंजून नाही. दुसरं म्हणजे काठ. काही ताटांचा काठ आत वळवलेला असतो आणि वळणात फट राहते, त्या फटीत पाणी आणि उष्टं साचतं, पुढं तिथनं तांबूस पाणी गळायला लागतं. २०१९ च्या महापुरानंतर पुरात बुडालेल्या घरांतली भांडी लोक दाखवायला आणत होते, तेव्हा हे अगदी स्पष्ट दिसलं. कितीतरी दिवस गाळात राहिलेली जाड, काठ सपाट असलेली ताटं उकळत्या पाण्यानं आणि साबणानं घासल्यावर परत जेवायला घेता आली, पण वळवलेल्या काठाच्या ताटांमधला गाळ काही केल्या निघेना. तेव्हापासनं मी फटीचा काठ असलेलं ताट कुणाला आपणहून काढून दाखवत नाही.

लोहचुंबक घेऊन येणाऱ्यांसाठी पण सांगतो. चुंबक चिकटला म्हणजे माल नकली आणि नाही चिकटला म्हणजे भारी, असं नाही. ग्रेड म्हणजे स्टीलची जात, ३०४ ग्रेडमध्ये १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, त्याला चुंबक सहसा चिकटत नाही. पण निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं स्वस्तातलं २०२ असतं त्यालाही चिकटत नाही. आणि ४३० ला चिकटतो, त्यात निकेल जवळजवळ नसतं, मीठ-आंबट ते ३०४ पेक्षा कमी सोसतं तरी ताट म्हणून वर्षानुवर्षं चालतं. तेव्हा चुंबकावर विसंबू नका, ग्रेडचा शिक्का बघा आणि बिलावर ग्रेड लिहून मागा, लिहून द्यायला का-कू करणाऱ्याकडनं घेऊ नका.

तुमच्या काचेच्या सेटचं म्हणाल तर त्याला ओपलवेअर म्हणतात. आपल्याकडची बहुतेक ओपलवेअर टफन केलेली असते, म्हणजे काच तापवून वरनं झपाट्यानं थंड करतात, त्यानं वरचा थर आवळला जातो आणि साध्या काचेपेक्षा मार जास्त सोसतो. सपाट पडलं तर बऱ्याचदा वाचतं पण काठावर पडलं किंवा ग्रॅनाइटच्या कट्ट्याच्या कोपऱ्यावर आपटलं की एकदम तुकडे होतात आणि लांबपर्यंत उडतात. म्हणून काचेच्या ताटाला वर्षांचा हिशोबच लागू होत नाही. ते झिजून जात नाही, ज्या दिवशी नीट मार बसतो त्या दिवशी जातं, मग तो दिवस पहिल्या आठवड्यात येवो नाहीतर वीस वर्षांनी. घरात लहान मुलं, खाली टाईल्स, स्टीलचं सिंक आणि भांडी घाईत घासली जात असतील तर तीन वर्षांत निम्मा सेट जाणं यात तुमचं काही चुकलेलं नाही, रोजच्या धबडग्यात असंच होतं. राहिलेली ताटं स्टीलच्या भांड्यांबरोबर एका टोपल्यात पालथी घालू नका, मध्ये कापड घालून वेगळी ठेवा, तारेची घासणी लावू नका कारण चऱ्यांनी काचेची ताकद खरोखर कमी होते, स्टीलसारखं तिथं परत काही धरत नाही. ज्याचा टवका उडालाय ते ताट मात्र आजच काढून टाका, ओठ-बोट कापायची भीती आहेच, शिवाय ते पुढं कधी फुटेल सांगता येत नाही.

मेलामाईन पडून फुटत नाही म्हणून लोक मुलांसाठी घेतात, पण ती मेलामाईन आणि फॉर्मल्डिहाइडची रेझिन आहे, साधारण ७० अंशाच्या वरचं गरम आणि त्यात आंबट असलं की थोडा अंश जेवणात उतरू शकतो. आपल्या घरात उकळता तांबडा रस्सा थेट ताटात पडतो, त्यामुळं कोल्हापूरच्या जेवणाला हे ताट मी सुचवतच नाही. मायक्रोवेव्हमध्ये तर घालायचंच नाही. हळद आणि कटाचा डाग बसतो, चार-पाच वर्षांत चमक जाऊन बोटाला खरखरीत लागायला लागतं, तिथं त्याचं आयुष्य संपलं असं धरायचं. सुक्या नाश्त्याला, पोह्याला ठीक.

चिनीमातीच्या ताटाला वरच्या चकाकीत केसासारख्या रेघांचं जाळं दिसायला लागलं की आत पाणी मुरायला लागलंय असं समजा. अशी डिश मायक्रोवेव्हमध्ये जेवणापेक्षा जास्त तापते, हात भाजतो.

पितळेची आणि काशाची ताटं टिकण्यात सगळ्यांच्या पुढं, पणजीची ताटं अजून घरात आहेत अशी कुटुंबं आमच्या गिऱ्हाइकांत बरीच आहेत. पण पितळेत आंबट कळकतं म्हणून कल्हई लागते, आणि कल्हई म्हणजे नवसागर टाकून कथलाचा थर चढवणं, तो रोजच्या घासण्यानं काही महिन्यांत उडतो, परत करावा लागतो आणि कल्हईवाले आता शोधावे लागतात. काशात साधारण ७८ टक्के तांबं आणि २२ टक्के कथील, त्याला कल्हई लागत नाही, फक्त आंबट फार वेळ ठेवू नये, पण ते ठिसूळ, पडलं की तडा, आणि तडा गेलेलं कासं नीट सांधता येत नाही. सणावाराला जरूर काढा, रोज सकाळ-संध्याकाळ घरातली सगळी त्यावर जेवणार असतील तर माझ्या मते स्टीलच.

आता एक गोष्ट मी दुकानदार असून सांगतोय, सासूबाईंची ती ताटं मोडीत घालू नका. मोडीला वजनावर जो भाव मिळतो तो नव्या मालाच्या मानानं लई कमी असतो, आणि त्या पैशात भर घालून लोक घेतात काय तर चकचकीत पातळ ताट, म्हणजे पुढची कित्येक वर्षं चाललं असतं ते देऊन काही वर्षांतच पोचणारं घरी आणतात. हा व्यवहार आमच्या काउंटरवर रोज होतो आणि मी दरवेळी ताट हातात घेऊन सांगतो की अहो हे परत घेऊन जा, काही जण ऐकतात. चमक पाहिजे असेल तर बफिंग, म्हणजे मशीनवर पॉलिश, करून मिळतं, थोडक्यात काम होतं आणि ताट नव्यासारखं दिसतं.

नवीन घ्यायचीच असतील तर माणसं आहेत त्यापेक्षा दोन जास्त घ्या, ३०४ ग्रेड, २२ गेज, सपाट काठ. गेजवर विश्वास नसेल तर काट्यावर ठेवायला सांगा, बारा इंची ताट २२ गेजचं साधारण साडेचारशे ग्रॅमच्या आसपास भरतं आणि २४ चं त्यापेक्षा शंभरेक ग्रॅम कमी, काठाच्या उंचीप्रमाणं थोडं पुढंमागं होईल. आणि ताट जमिनीवर ठेवून काठाला एका बाजूनं बोटानं दाबा, डुगडुगलं तर दुसरं काढायला सांगा.