रुलेटमध्ये कॅसिनोचा वाटा 2.7 टक्के असतो म्हणतात, मग टेबलाची कमाई 20 टक्के कशी?

दोन्ही आकडे बरोबर आहेत. टक्के कशाचे काढले, तेवढाच फरक. पणजीला मांडवीतल्या एका कॅसिनो बोटीवर मी काही वर्षं हिशेबाला होतो.

आधी 2.7 बघू. चाकावर 0 ते 36 अशी 37 घरं. प्रत्येक घरावर 1 रुपया लावलात तर 37 गेले. जो आकडा लागेल त्याचे 35 आणि तुमचा 1, असे 36 परत. उरलेला रुपया कॅसिनोचा. (दोन शून्यांच्या चाकावर हाच वाटा 5.26 टक्के होतो, म्हणून बसण्याआधी चाक नीट बघा.) मटक्यातला ‘रुपयाला नऊ’ हा भावही याच जातीचा: आकडे दहा, देणं नऊ.

पण हे 2.7 टक्के दर डावावर कापले जातात, आणि तोच पैसा फिरून फिरून डावावर लागतो. समजा, 8,000 च्या चिप्स (नोटांऐवजी डावावर लावायच्या चकत्या) घेतल्या. फेरीला 500, तासाला 40 फेऱ्या, तीन तास बसलात. खिशातून निघाले 8,000, पण डावावर लागले 60,000. त्याचे 2.7 टक्के म्हणजे सुमारे 1,620 रुपये. हेच 8,000 शी ताडून बघा: 20 टक्के! 2.7 ऐकून ‘एवढंच ना’ म्हणणारे कितीतरी लोक मी पहाटे रिकाम्या खिशाने जेट्टीवर उतरताना पाहिलेत, म्हणून हे फोड करून सांगतोय.

टेबलावर प्रत्येक डाव कुणी लिहून ठेवत नाही. तुम्ही दिलेल्या नोटा डीलर फटीतून टेबलाखालच्या पेटीत ढकलतो; ती रक्कम म्हणजे ड्रॉप. पाळी संपली की पेटी उघडायची, नोटा मोजायच्या, डीलरसमोरच्या ट्रेमधल्या चिप्स मोजायच्या. ट्रे 40 लाखांचा 32 वर आला, म्हणजे 8 लाखांच्या चिप्स बाहेर गेल्या, आणि पेटीत 10 लाख निघाले, तर टेबलाने 2 लाख कमावले. ड्रॉपच्या 20 टक्के. याला होल्ड म्हणतात. मधे ट्रेमध्ये चिप्स भरल्या किंवा परत पाठवल्या तर त्यांचा हिशेब वेगळा धरायचा. एखाद्या रात्री होल्ड उणेही निघतो. त्याने कुणी घाबरत नाही, महिन्याचा आकडा बघतात.

आणखी एक. सुपरवायझर तुमचा सरासरी डाव आणि बसल्याची वेळ टिपून ठेवतो. फुकट जेवण, खोली द्यायची की नाही, हे मुख्यतः त्या 1,620 वरून, म्हणजे हिशेबाने निघणाऱ्या तोट्यावरून ठरतं. त्या रात्री तुम्ही जिंकलात तरी.